पेट्रोलचा भाव : बाजार आणि शासन

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत भारतातील पेट्रोलचा भाव ठरवताना ते शुद्ध करण्यास प्रत्यक्ष खर्च किती आला हे पाहिले जात नसे. इराणच्या आखातातील निर्यातभावात जहाजभाडे, विमा, आयातशुल्क आणि विक्रीचा नफा मिळवून येणारी रक्कमच ग्राहकाकडून घेतली जाई. या आयात-समतुल्य पद्धतीमुळे, १९५४-५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे येथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावरही, तेथे तयार झालेले पेट्रोल आखातातून आले आहे असे मानूनच विकले जात होते. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. तरीही त्या प्रस्तावाच्या दडपणाखाली त्यांना कच्च्या तेलाच्या भावात सूट द्यावी लागली, आणि जाहीर भाव हाच बाजारभाव असतो हा त्यांचा दावा टिकला नाही.

१९७३-७४ मध्ये आखाती तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला, १९७४ पासून परदेशी तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले आणि प्रशासित किंमत पद्धत रूढ झाली. या पद्धतीत कंपन्यांना उत्पादनखर्च आणि भांडवलावर ठराविक परतावा मिळे, तर विक्रीभाव शासन ठरवी; दोहोंमधील तफावत 'ऑइल पूल' या समाईक खात्यात जमा किंवा खर्ची पडे. पेट्रोल हे मोटारमालकांचे इंधन मानून त्याचा भाव चढा ठेवला जाई आणि त्यातून रॉकेल व स्वयंपाकाचा गॅस स्वस्त केला जाई. गरीब घरांतील चुलीचा आणि दिव्याचा विचार करणारे हे धोरण सामाजिक दृष्टीने समर्थनीय होते. परंतु बाजारातील चढउतार ग्राहकापर्यंत न पोचता त्या खात्यात साचत गेला, आणि तो केव्हा व कोणावर टाकायचा हा निर्णय राजकीय ठरला.

१ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत संपुष्टात आली, २६ जून २०१० रोजी पेट्रोलचा भाव नियंत्रणमुक्त झाला आणि १६ जून २०१७ पासून तो देशभर रोज बदलू लागला. भाव असा मोकळा होत असताना कर मात्र शासनाच्याच हाती होता. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल घसरत असताना केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढवले, आणि मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे तेलाची मागणी कोसळली असताना, पेट्रोलवरील शुल्कात एकदम १० रुपयांची भर घातली.

अर्थशास्त्रज्ञ ज्याला आर्थिक धोरणाची अनिश्चितता म्हणतात, म्हणजे शासन पुढे काय करील याचा अंदाज न येणे, ती वृत्तपत्रांतील मजकुराची मोजणी करून निर्देशांकात मांडली जाते. पेट्रोलच्या बाबतीत मात्र तिचा प्रत्यय थेट भावफलकावर येतो. ४ नोव्हेंबर २०२१ पासून पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, मधल्या काळात रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्याने कच्चे तेल भडकले असतानाही, कंपन्यांनी भाव बदलला नाही. २२ मार्च २०२२ रोजी वाढ सुरू झाली आणि मे महिन्यात शुल्क ८ रुपयांनी घटवले गेले. त्यानंतर रोजच्या भावनिश्चितीची पद्धत कागदोपत्री कायम असतानाही कंपन्यांचा दर जवळपास दोन वर्षे स्थिर राहिला, आणि १५ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, तो २ रुपयांनी उतरला.