खलपात्रांचा ऱ्हास

कोणत्याही काळाची नीतिकल्पना समजून घ्यावयाची असल्यास त्या काळाने कोणास वंद्य मानले हे पाहण्याबरोबरच निंद्य कोणास ठरविले हेही पाहावे लागते. आणि या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा गंभीर ग्रंथांपेक्षा मुलांना सांगितल्या जाणाऱ्या कथांत अधिक उघडपणे सापडतो. मोठ्यांसाठी लिहिताना ग्रंथकार आपल्या मतास शंभर पुरवण्या जोडू शकतो. मुलांना गोष्ट सांगताना मात्र हा चांगला की वाईट, याचा निवाडा त्यास द्यावाच लागतो. अमेरिकेत तयार होणारे रेखाचित्रांचे कौटुंबिक बोलपट, ज्यांना आज आपण ॲनिमेशनपट म्हणतो, हे गेल्या सुमारे नव्वद वर्षांतील अशा कथांचे फार मोठे भांडार होय. या भांडारातील उघड दुष्ट पात्रे अलीकडे एकेक करून नाहीशी होत चालली आहेत. आपल्या घरांतील मुलेही हेच चित्रपट पाहतात; तेव्हा हा पालट कसा घडला आणि त्यात काय कमावले व काय गमावले, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, खलपात्र हे कथेत आपोआप उगवत नाही. ते घडविले जाते. ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपल्या जर्मन कथासंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा स्नो व्हाइटचा जीव घेऊ पाहणारी राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. पोटच्या मुलीविषयी आईच्या मनात असूया दाखविणे सभ्य कुटुंबांच्या वाचनात शोभणारे नव्हते. सबब तो दोष उचलून परक्या स्त्रीच्या पदरात घालण्यात आला. वॉल्ट डिस्ने यांनी १९३७ च्या डिसेंबरात या कथेवरून आपला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट लोकांपुढे आणला, तो या सावत्र राणीला घेऊनच. ग्रिमांच्या कथेत राणीस तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. चित्रपटात वीज कोसळून ती कड्यावरून खाली जाते. नायक-नायिकेचे हात निर्मळ राहावेत आणि दुष्टास शासनही व्हावे, अशी ही सोय पुढे इतकी रूढ झाली की, १९९१ चा गॅस्टन, १९९६ चा फ्रोलो आणि २०१० ची गॉथेल हे सारे उंचावरून पडूनच मेले.

अमेरिकन चित्रव्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली नीतिसंहिता १९३४ पासून कडकपणे अमलात आली होती. प्रेक्षकांची सहानुभूती दुष्कृत्याच्या बाजूस झुकता कामा नये, असा तिचा दंडक होता. तेव्हा जुन्या चित्रपटांतील उघड दुष्टपणा हे या बंधनाचेच फळ होय, असे कोणी म्हणेल. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. १९४० च्या 'पिनोकिओ'त मुलांस फूस लावून त्यांची गाढवे करणारा गाडीवान अखेरपर्यंत शासनावाचून मोकळा राहतो आणि गाढवे झालेली ती मुले सुटल्याचे कोठेही दाखविलेले नाही. म्हणजे दुष्टास शिक्षा करणे एवढाच या चित्रपटांचा हेतू नव्हता.

मग दुसरा हेतू कोणता? राणीच्या सफरचंदाकडे पाहावे. ते विषारी आहे हे आपण ती ते विषात बुडविते तेव्हाच पाहिलेले असते. स्नो व्हाइटला मात्र ती सांगते की, हे इच्छा पुरविणारे फळ आहे. 'पिनोकिओ'तील लबाड कोल्हा शाळेकडे निघालेल्या त्या लाकडी पोरास रंगभूमीवरील कीर्तीचे गोडवे गाऊन भलत्याच वाटेस लावतो. दोन्ही ठिकाणी प्रेक्षागृहातील मुलास जे ठाऊक आहे ते पडद्यावरील मुलास ठाऊक नाही. खोटा युक्तिवाद कसा रचला जातो, त्यात समोरच्याच्या मनातील इच्छा कशी हेरली जाते, आणि विष कोणत्या शब्दांत गुंडाळून दिले जाते, हे बालप्रेक्षक सुरक्षित अंतरावरून पाहतो. आमच्या मते जुन्या खलपात्राचे खरे कार्य मुलांस भिवविणे हे नसून त्यांस मोहाची भाषा ऐकविणे हे होते. सर्वच पात्रे या कार्यास उपयोगी पडत होती असे नव्हे. मार्क डेव्हिस या चित्रकाराच्या हातून उतरलेली १९५९ ची मॅलेफिसंट आणि १९६१ ची क्रुएला यांचा दिमाख त्यांच्या रेषेत आणि आवेशात आहे. त्या कोणास मोह घालण्याच्या भानगडीत फारशा पडत नाहीत.

या कलेचा परमोत्कर्ष १९८९ ते १९९६ या सात वर्षांत झाला. हान्स अँडरसनच्या १८३७ च्या कथेतील समुद्राची चेटकीण खरोखर दुष्ट नाहीच. ती एक रोखठोक व्यापारीण आहे. हा तुझा मूर्खपणा आहे, यात तुझे दुःखच आहे, असे ती जलकन्येस स्पष्ट बजावते आणि मग किंमत सांगते. 'द लिटल मर्मेड' या १९८९ च्या चित्रपटात तिची अर्सुला झाली, तेव्हा किंमत तीच राहिली, पण बजावणे गेले आणि आर्जव आले. गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकेन हे दोघे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरून आले होते. पात्राने आपली इच्छा गाण्यात सांगावी ही तेथील रीत त्यांनी चित्रपटात आणली आणि खलपात्रासही तो मान दिला. अर्सुलाचे गाणे म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एक सौदा आहे. मी आता सुधारले आहे, मी दुःखितांची कैवारी आहे, पुरुषांस बायकांची बडबड आवडतच नाही, तेव्हा आवाज गेला तर बिघडले कोठे, असा तिचा क्रम. आणि शेवटी करारनाम्यावर सही.

१९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये स्कार आपल्या भावास ठार करतो हे भयंकर खरेच. परंतु त्याहून भयंकर आहे ते नंतरचे संभाषण, ज्यात तो पोरक्या छाव्यास पटवून देतो की, बाप मेला तो तुझ्यामुळे, आता तू पळून जावेस हेच बरे. खोटे बोलून दुसऱ्याच्या मनात अपराधाची भावना पेरता येते, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलास याहून स्पष्टपणे कोण सांगणार? १९९६ साली व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटात फ्रोलो धर्माधिकाऱ्याचा न्यायाधीश झाला. तो स्वतःच स्वतःस फसवितो आणि आपल्या वासनेचा दोष त्या जिप्सी मुलीवर आणि प्रत्यक्ष देवावरही टाकतो.

या युगाविरुद्ध जी तक्रार झाली ती पोकळ नव्हती, हेही येथे सांगणे अवश्य आहे. दुष्टपणा चटकन ओळखता यावा म्हणून चित्रकारांनी तो शरीरावर रंगविला. स्कारचे नावच मुळी त्याच्या तोंडावरील व्रणावरून पडले, अर्सुला स्थूल, कोणी बायकी, कोणी परदेशी उच्चारांचा. १९९२ च्या 'अलादीन'मधील पहिल्याच गाण्यात अरबांचा देश म्हणजे रानटी शिक्षांचा देश असे वर्णन आले, त्याविरुद्ध अमेरिकेतील अरब नागरिकांनी आवाज उठविला आणि १९९३ साली घरगुती प्रतींसाठी त्या ओळी बदलाव्या लागल्या. जो समाज आपल्यातील परक्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा रंगवितो, त्याची मुले चेहऱ्यावरूनच माणूस ओळखावयास शिकतात. खलपात्राच्या ऱ्हासाचे एक कारण ही योग्य लाज होय.

दुसरे कारण रंगभूमीवरूनच आले. १९९५ साली ग्रेगरी मॅग्वायर यांनी 'विकेड' या कादंबरीत ऑझच्या दुष्ट चेटकिणीची बाजू मांडली. २००३ साली तिचे संगीत नाटक झाले, आणि त्याची गाणी रचिली ती फ्रोलोचे गाणे लिहिणाऱ्या स्टीफन श्वार्ट्झ यांनीच. त्या नाटकात चेटकिणीचे काम करणारी गायिका आयडिना मेंझेल हिनेच पुढे २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये एल्साला आवाज दिला. अँडरसनच्या १८४४ च्या कथेतील हिमराणीप्रमाणे एल्सा आधी खलपात्रच व्हावयाची होती. परंतु तिच्यासाठी रचलेले गाणे ऐकल्यावर हे गाणारी स्त्री दुष्ट नसून भ्यालेली आहे असे कर्त्यांस वाटले आणि कथा मुळापासून फिरविण्यात आली. जे गाणे एके काळी खलपात्राचे झाले असते, ते नायिकेचे झाले.

मग दुष्टाची रिकामी जागा हॅन्स या राजपुत्रास मिळाली; पण ती गुप्तपणे. ही युक्ती पिक्सार या चित्रसंस्थेने 'टॉय स्टोरी २' (१९९९) आणि 'मॉन्स्टर्स, इंक.' (२००१) यांत आधीच वापरली होती. २००६ साली डिस्ने कंपनीने पिक्सार विकत घेतली आणि पिक्सारच्या धुरिणांकडेच डिस्नेच्या ॲनिमेशन विभागाची सूत्रे आली. त्यानंतर 'झूटोपिया' (२०१६) मधील गरीब मेंढी काय, 'कोको' (२०१७) मधील लोकप्रिय गायक काय, शेवटी बुरखा फाडण्याची रीतच पडली. दुष्ट माणूस दुष्ट दिसत नाही, हा बोध खरा आहे. परंतु हॅन्सच्या बाबतीत गंमत अशी की, भोवती कोणी नसतानाही तो ॲनाकडे कौतुकाने पाहून हसतो. म्हणजे ओळखण्याची खूणच प्रेक्षकास दिलेली नाही. मूल फसते, पण कसे फसलो हे त्यास कळत नाही. जुन्या चित्रपटांत फसवणुकीची रीत कळत होती. येथे केवळ फसल्याची बातमी कळते, आणि त्यातून विवेक न वाढता नुसता संशय वाढतो.

यापुढील पायरी म्हणजे दुष्टाचा संपूर्ण लोप. 'मोआना' (२०१६) मधील अग्निराक्षसी ही हृदय चोरले गेलेली देवताच निघते. 'एन्कांटो' (२०२१) मध्ये कुटुंबास जाचणारी आजी आणि 'टर्निंग रेड' (२०२२) मध्ये मुलीस जखडणारी आई, दोघीही आपापल्या जुन्या दुःखाने तशा झालेल्या आहेत. ग्रिमांनी १८१९ साली आईवरून काढून सावत्र आईवर टाकलेला दोष दोनशे वर्षांनी पुन्हा सख्ख्या घरात परत आला. पण आला तो अपराध म्हणून नव्हे, दुःख म्हणून. यात मोठे सत्य आहे, हे कोणीही गृहस्थ कबूल करील. बहुतेक मुलांस जी इजा पोहोचते ती राक्षसांकडून नव्हे, प्रेम करणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून पोहोचते, आणि ती उच्चारून दाखविण्याचे धैर्य या चित्रपटांनी केले.

तथापि 'एन्कांटो'त एक प्रसंग आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आजीच्या तरुणपणी शस्त्रधारी स्वार गावावर चालून येतात आणि तिच्या नवऱ्यास मारतात. साऱ्या कथेचे दुःख या एका कृत्यातून निघाले आहे. पण त्या स्वारांस चेहरा नाही, नाव नाही, शब्द नाही. ते कोण होते आणि हे करणे योग्य आहे असे त्यांस कोणी पटविले, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. आलिंगनाने आजी निवळते, स्वारांचे काय?

खलपात्रावाचून मोहाचे चित्रण अशक्यच आहे, असेही नाही. जपानचे हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ च्या 'माय नेबर टोटोरो'त कोणी दुष्ट नाही, आणि २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये काओनाशी नावाचा मुखवटाधारी जीव ओंजळी भरभरून सोने देऊ करतो. स्नानगृहातील सारे नोकर त्या सोन्यासाठी धावतात. दहा वर्षांची चिहिरो नको म्हणते. काओनाशी दुष्ट नव्हे, केवळ एकाकी आहे. तरी मोह पुरता उभा राहिला आणि नकारही उभा राहिला. अमेरिकन चित्रपटांनी दुष्टास निरोप देताना त्याच्या हातातील सफरचंदही फेकून दिले, हीच आमची तक्रार आहे. उलट, डिस्ने संस्थेने आपल्या शतकपूर्तीच्या वर्षी, २०२३ मध्ये, 'विश'मधून राजा मॅग्निफिको या रूपाने जुने खलपात्र परत आणू पाहिले, तेव्हा प्रजेच्या इच्छा स्वतःपाशी का ठेवाव्यात याविषयीचा त्याचा विचार करण्याजोगा युक्तिवाद अर्ध्यावर सोडून देऊन एका निषिद्ध ग्रंथाच्या जादूने त्यास बिघडविण्यात आले. मुकुट परत आला, मोहिनी आली नाही.

आजच्या मुलांस गोड शब्दांत मांडलेले सौदे पूर्वीपेक्षा कमी भेटतात असे नाही. हातातल्या लहानशा पडद्यावर ते दिवसातून कितीतरी वेळा सहीसाठी पुढे येतात. अशा वेळी घरातील वडील मंडळींनी नवे चित्रपट वर्ज्य करावेत असे आम्ही म्हणणार नाही; आजीचे दुःख समजणे हेही शिक्षणच आहे. मात्र त्याबरोबर जुनी अर्सुलाही मुलांसमवेत बसून पाहावी, आणि करारनाम्यावर सही होण्यापूर्वी तिच्या बोलण्यातील खोट नेमकी कोणत्या शब्दात आहे, एवढे मुलांस विचारावे. उत्तर देण्यास मुलांस फारसा वेळ लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.