झिकेल दांपत्य
दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाडलेल्या विमानांतून बचावलेल्या दोस्त वैमानिकांना आश्रय देणारे ब्रिटनी प्रांतातील शेतकरी जोडपे. झाँ व मारी झिकेल यांचे दगडी घर प्लुआ गावाच्या हद्दीत, समुद्रापासून सुमारे दीड किलोमीटरवर होते. लुसियें द्यूमे व रेमाँ लाब्रॉस या फ्रेंच-कॅनेडियन हस्तकांनी उभारलेल्या ‘शेलबर्न’ या पलायनजाळ्याचा, म्हणजे वैमानिकांना घरोघर लपवत मायदेशी पोचवणाऱ्या गुप्त संघटनेचा, हे घर शेवटचा टप्पा होता. बीबीसीवरून ‘आल्फोन्सच्या घरी सर्वांना नमस्कार’ असा सांकेतिक संदेश आला, की त्या रात्री बोट येणार हे ठरलेले असे. मग घरात जमलेल्यांना रांगेने कड्यापर्यंत नेत, सुरुंगांच्या जागा पांढऱ्या फडक्यांनी दाखवत आणि अंधारात घसरतच ‘बोनापार्ट’ हे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर उतरवत. तेथून ब्रिटिश गनबोट त्यांना डार्टमथला नेई. जानेवारी ते ऑगस्ट १९४४ या काळात या किनाऱ्यावरून सव्वाशेहून अधिक माणसे सुटली. याच सुमारास साताऱ्यात ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या भूमिगतांनाही गावोगावची घरे थारा देत होती. दोन्हीकडे कर्तृत्वाचे श्रेय बहुधा बाहेर वावरणाऱ्यांना मिळाले, चूल पेटती ठेवणारीला क्वचितच. २४ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी झिकेलांचे घर जाळले. त्या जागी आज स्मारकशिला आहे.