गिअरपेटी व अश्वशक्ती (वेगवान मोटारींतील)

एंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचविताना एंजिनाच्या व चाकांच्या फेऱ्यांचे परस्परप्रमाण बदलण्याची तजवीज ज्या दातेरी चक्रांच्या संचात केलेली असते, त्यास गिअरपेटी म्हणतात. हे प्रमाण चालक स्वतः क्लच दाबून व दांडा सरकवून बदलीत असल्यास ती हस्तचलित, आणि द्रवदाबाची वा विद्युत् यंत्रणा ते काम परस्पर उरकीत असल्यास स्वयंचलित समजली जाते. वेगवान मोटारीची योग्यता लोक बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यावरून ठरवितात. परंतु त्या आकड्यापैकी किती भाग कोणत्या क्षणी चाकांच्या हवाली व्हावा, याचा अंमल गिअरपेटीकडे असल्यामुळे दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

अश्वशक्ती : वाफेच्या एंजिनाची घोड्यांशी तुलना करता यावी म्हणून जेम्स वॉट याने मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य हे परिमाण ठरविले, ते सुमारे ७४६ वॉट भरते. युरोपात रूढ असलेली मेट्रिक अश्वशक्ती किंचित लहान, म्हणजे सुमारे ७३५ वॉट आहे. अमेरिकेत पूर्वी एंजिनास पंखा, धूरनळीचा पुरता संच इत्यादी सरंजाम न जोडता मापन करीत. १९७२ च्या सुमारास हा सरंजाम जोडून मोजण्याची पद्धत आल्याने त्याच एंजिनांचे आकडे कागदोपत्री एकाएकी घटले. जुन्यानव्या मोटारींची तुलना करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

अश्वशक्ती म्हणजे एंजिनाचा टॉर्क, अर्थात् पीळ देण्याचे बल, आणि फेऱ्यांची गती यांचा गुणाकार होय. २०२१ साली आलेल्या पोर्शे ९११ जीटी३ या मोटारीचे ५१० मेट्रिक अश्वशक्तीचे सामर्थ्य मिनिटास ८,४०० फेऱ्या होत असतानाच मिळते. ६,१०० फेऱ्यांवर टॉर्क जरी सर्वाधिक, म्हणजे ४७० न्यूटन-मीटर असला, तरी हिशेबाने शक्ती सुमारे ४०८ अश्वशक्तीच भरते. सारांश, जाहिरातीतील आकडा हा एका ठरावीक गतीपुरता खरा असतो, आणि एंजिनास त्या गतीच्या आसपास नांदत ठेवणे हेच गिअरपेटीचे मुख्य कर्तव्य ठरते.

हस्तचलित पेटी : आरंभीच्या पेट्यांत सरकत्या चक्राचे दात दुसऱ्या चक्राच्या दातांत थेट बसवावे लागत. दोहोंची गती जुळली नाही तर दात घासून कर्रकन आवाज उठे. तो टाळण्यासाठी चालक एकदा क्लच दाबून गिअर काढी, क्लच सोडून गरजेप्रमाणे एंजिनाच्या फेऱ्या जुळवी, आणि पुन्हा क्लच दाबून नवा गिअर टाकी. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आलेल्या सिंक्रोमेश योजनेत शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने दोन्ही गती आधीच समान करू लागली आणि हे कसब सामान्य चालकापुरते अनावश्यक झाले.

स्वयंचलित पेटी : जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही चार गतींची पेटी ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या नमुन्यांबरोबर बाजारात आली. अशा पेट्यांत एंजिन व चाके यांचा संबंध तेलाच्या प्रवाहातून जुळत असल्याने शक्तीचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जाई, आणि गतींची संख्याही थोडीच असे. १९५३ ची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट १५० अश्वशक्तीच्या एंजिनासह केवळ दोन गतींच्या पॉवरग्लाइड पेटीनिशी विकली गेली; रसिकांची नाराजी ओढवून घेतल्यावर १९५५ मध्ये तिला हस्तचलित पेटीची जोड मिळाली. खऱ्या चालकाने गिअर हातानेच टाकावेत, हा दंडक त्या काळी निव्वळ अभिमानाचा नव्हता. त्यास यांत्रिक आधार होता.

दुहेरी क्लच : हा आधार विसाव्या शतकाच्या अखेरीस ढासळू लागला. १९८९ साली जॉन बार्नार्ड याने रचलेल्या फेरारी ६४० मध्ये सुकाणूचक्रामागील पट्ट्या ओढून गिअर बदलण्याची सोय होती, आणि नायजेल मॅन्सेलने तिच्या पहिल्याच शर्यतीत ब्राझीलमध्ये विजय मिळविला. पोर्शेने ऐंशीच्या दशकातच शर्यतीच्या मोटारींत दोन क्लचांची पेटी वापरली होती. २००३ मध्ये फोक्सवागन गोल्फ आर३२ द्वारे ती विक्रीच्या मोटारीत आली. तीत विषम क्रमांकांचे गिअर एका क्लचकडे व सम क्रमांकांचे दुसऱ्याकडे असतात. तिसरा गिअर चालू असतानाच चौथा जोडून सज्ज ठेवलेला असल्यामुळे एक क्लच सुटतो न सुटतो तोच दुसरा भार घेतो, आणि शक्तीचा ओघ जवळजवळ अखंड राहतो.

तुलना : उपरोक्त जीटी३ दोन्ही प्रकारांत मिळत असे. दुहेरी क्लचची मोटार ताशी १०० किमी वेग ३·४ सेकंदांत गाठते, हस्तचलित ३·९ सेकंदांत; हस्तचलित मोटार मात्र १७ किग्रॅ. हलकी आहे. अंतिम वेग अनुक्रमे ताशी ३१८ व ३२० किमी, म्हणजे जवळपास सारखाच आहे, कारण तेथे गिअर बदलण्याची चपळाई नव्हे, तर अश्वशक्ती व हवेचा विरोध यांचाच निर्णय चालतो. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये हस्तचलित पेटी मुळीच ठेवली नाही. याउलट पोर्शेने २०१६ मध्ये केवळ हस्तचलित पेटीची ९११ आर ही मोटार ९९१ नगांपुरती काढली. अर्थात् हस्तचलित पेटी आज टिकून आहे ती चालकाच्या आवडीमुळे, वेगाच्या गरजेमुळे नव्हे.

भारत : पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय या २०१३ च्या मोटारीत १०५ अश्वशक्तीच्या एंजिनास सात गतींची दुहेरी क्लचची पेटी जोडलेली होती. २०१४ च्या मारुती सेलेरिओतील स्वस्त स्वयंचलित योजना निराळी. तीत हस्तचलित पेटीचाच एकमेव क्लच यंत्राकडून दाबविला जात असल्याने गिअर बदलताना ओघात खंड पडतो. सबब ‘स्वयंचलित’ एवढ्या नावावरून मोटारीची चपळता ठरविता येत नाही. आत कोणती यंत्रणा आहे, याची आधी चौकशी करावी लागते.