शिरढोण ते एडन : दक्षिण येमेनमधील पक्षीय राजकारण व परराष्ट्रसंबंध

पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावले. मराठी इतिहासलेखनात एडनचा उल्लेख बहुधा या मृत्यूपाशीच थांबतो. वस्तुतः एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराचा भाग होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते जिंकले, १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालला आणि १९३७ मध्ये ते हिंदुस्थानापासून तोडून स्वतंत्र वसाहत करण्यात आले. नव्वदहून अधिक वर्षे मुंबईशी जोडलेल्या या बंदराचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

३० नोव्हेंबर १९६७ रोजी दक्षिण येमेन स्वतंत्र झाला. सत्ता कोणाकडे जाणार, हा प्रश्न इंग्रज जाण्यापूर्वीच रस्त्यावर सुटला होता. राष्ट्रीय मुक्ती आघाडीने आपल्या प्रतिस्पर्धी ‘फ्लोसी’ या संघटनेचा पाडाव केला. फ्लोसीला इजिप्तचा आधार होता; जून १९६७ च्या युद्धात इजिप्तचाच पराभव झाल्याने तो आधार दुबळा झाला. त्याच युद्धामुळे सुएझ कालवा बंद पडला आणि १९७५ पर्यंत तो खुला झाला नाही. जहाजांच्या वर्दळीवर आणि इंग्रजांच्या लष्करी तळावर जगणाऱ्या शहराची दोन्ही मिळकती एकदम बुडाल्या. नव्या राष्ट्राला परराष्ट्रधोरण हा चैनीचा विषय उरला नाही. पगार आणि धान्य यांचाच तो प्रश्न होता.

येथील राजकारणाची गुरुकिल्ली याच परिस्थितीत सापडते. विरोधी पक्षाला वाव नसल्याने विरोध सत्ताधारी पक्षाच्या आत राहू लागला आणि प्रत्येक गटामागे परकीय मदतीविषयीची एक भूमिका उभी राहिली. पहिले अध्यक्ष कहतान अल शाबी यांना डाव्या गटाने जून १९६९ मध्ये दूर केले. त्यानंतरचे सालिम रुबय्य अली चीनकडे झुकलेले होते व पुढे सौदी अरेबियाशी जुळवून घेऊ पाहत होते. अब्दुल फत्ताह इस्माईल यांची भिस्त सोव्हिएत संघावर होती. जून १९७८ मध्ये उत्तर येमेनचे अध्यक्ष अल घशमी एडनहून आलेल्या दूताच्या पेटीतील स्फोटात ठार झाले. त्यानंतर दोनच दिवसांत रुबय्य अलींना पदच्युत करून गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबर १९७८ मध्ये येमेनी समाजवादी पक्ष स्थापन झाला आणि वर्षभरात सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. परंतु १९८० मध्ये इस्माईल यांनाही पद सोडून मॉस्को गाठावी लागली. त्यांचे उत्तराधिकारी अली नासर मुहम्मद यांनी शेजाऱ्यांशी समेटाचे धोरण ठेवले. १९८२ मध्ये ओमानशी करार झाला.

१९८५ मध्ये इस्माईल परतले. १३ जानेवारी १९८६ रोजी अली नासर यांच्या रक्षकांनी पक्षाच्या पॉलिटब्युरोच्या बैठकीतच गोळीबार केला आणि त्यातून पेटलेल्या लढाईत हजारो माणसे मेली. पंतप्रधान अल अत्तास त्या वेळी नवी दिल्लीत होते. तेथून ते मॉस्कोला गेले व पुढे राष्ट्रप्रमुख होऊन परतले. अनेक अभ्यासक या संघर्षाला टोळ्यांचे वैर मानतात. अली नासर यांचे बळ अबयान प्रांतात व विरोधकांचे लहेज व धालेकडे होते, हे खरे. तथापि केवळ टोळी पाहिली की १९७८ आणि १९८० मधील वाद अनाकलनीय राहतात. इस्माईल तर मूळचे उत्तरेचे.

या रक्तपाताने पक्ष खिळखिळा झाला होता. त्यातच सोव्हिएत मदत आटली. २२ मे १९९० रोजी दक्षिण येमेन उत्तरेत विलीन झाला. १९९३ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष तिसऱ्या स्थानी गेला आणि १९९४ च्या यादवी युद्धात दक्षिणेचा पराभव झाला. जिंकलेल्या बाजूचे संरक्षणमंत्री अब्द रब्बूह मन्सूर हादी हे १९८६ मध्ये अली नासर यांच्यासोबत एडन सोडून उत्तरेत गेलेल्यांपैकीच होते.