आगोटीची बेगमी : पेण व रोहा तालुक्यांतील ग्रामीण कुटुंबाची पावसाळापूर्व सिद्धता

शीत प्रदेशातील शेतकरी कुटुंब हिवाळ्यापूर्वी धान्य, सरपण व वैरण यांचा साठा करते. कोकणात थंडी सौम्य असल्याने तिची धास्ती नाही; येथे माणसाला घरात कोंडतो तो पाऊस. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. पक्क्या सडका होण्यापूर्वी या काळात खाडीतील वाहतूक थंडावे, ओढे-नद्या गावांना तोडून टाकीत आणि समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद राही. पावसाळ्याच्या या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात. आगोटीच्या बेगमीचा उल्लेख बहुधा पाककृतींच्या संदर्भात, कौतुकाने होतो. परंतु ही बेगमी कोणाला करता येई आणि कोणाला नाही, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

बेगमीचा आरंभ घरापासून होई. वैशाखात कौले उतरवून शाकारणी केली जाई, पडवीला झडपा बांधल्या जात, इरली विणून वा विकत घेऊन ठेवली जात. शेणाने लिंपलेल्या कणगीत भात, मडक्यात राखेत घोळलेले वाल, माळ्यावर सरपण व शेणी, गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी. स्वयंपाकघरात आमसुले, आंबोशी, चिंच, आठळ्या, पापड, मिरगुंडे. आणि मासे खाणाऱ्या घरांत सुके बोंबील, जवळा, सोडे. ही सारी कामे उन्हाच्या भरवशावर चालत. वळवाची एक सर अवेळी आली की अंगणातील वाळवण वाया जाई. या कामाचा मोठा वाटा स्त्रियांचा होता. महसुली कागदपत्रांत मात्र त्याची नोंद शोधूनही सापडत नाही.

मिठाची गोष्ट लक्षणीय आहे. पेणच्या खाडीकाठी मिठागरे होती. उन्हाळ्यात पिकलेल्या मिठाच्या राशी पावसापूर्वी गवताने शाकारल्या जात. ब्रिटिश राजवटीत मिठावरील कर १८८८ मध्ये मणास अडीच रुपये झाला. मासळी खारवण्यास व आंबोशी टिकविण्यास मीठ लागे, आणि ते दारात पिकत असूनही करासह विकत घ्यावे लागे. हा कर १९४७ मध्ये रद्द झाला.

सरपणाचा प्रश्न याहून तीव्र ठरला. चार महिन्यांची चूल आणि भाताच्या रोपवाटिकेचा राब ही दोन्ही एकाच रानावर अवलंबून होती. राबासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजावी लागे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या व फांदी तोडणे गुन्हा ठरू लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष एवढा वाढला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. तक्रार करणाऱ्यांच्या दृष्टीने तो पावसाळ्यात चूल पेटण्याचा आणि पुढील पीक उभे राहण्याचा प्रश्न होता.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांना या सिद्धतेला पर्याय होता तो ‘खावटी’चा. खंडाने कसणारे कूळ वा मजूर पावसाळ्यात सावकाराकडून खाण्यापुरते भात उचली आणि सुगीला ते सवाई-दिढीने फेडी. फेड न झाल्यास श्रम गहाण पडत. कातकरी समाजाची अवस्था सर्वांत बिकट होती. कोळसाभट्टी, पुढे वीटभट्टी, ही कामे आगोटीलाच बंद होतात. म्हणजे कुटुंब वाडीवर परतते ते नेमके हाती काही नसताना. मग पावसाळ्यातच पुढील हंगामाची उचल घेतली जाते आणि वर्षाचा करार पावसातच ठरतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी उचलीची ही रीत कायद्याने सहज मोडली नाही.

रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आली व कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. सडका, रेशन दुकाने, बारमाही बाजार यांमुळे साठ्याची निकड ओसरली. पेणमध्ये तर घरच्या वाळवणाचाच व्यवसाय झाला; तेथील पापड-मिरगुंडे आज शहरी घरे विकत घेतात. खावटी हा शब्द मात्र टिकला. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी एका वर्षापुरती खावटी अनुदान योजना मंजूर केली. प्रतिकुटुंब ४००० रुपयांपैकी निम्मी रक्कम रोख आणि निम्मी वस्तुरूपाने द्यावयाची होती. वस्तूंत डाळी, कडधान्ये, तेल, मिरचीपूड आणि मीठ यांचा समावेश होता.