हात लावू नये!

आमच्या शाळेची सहल एकदा एका वस्तुसंग्रहालयात गेली होती. एका वीरगळापुढे मुले उभी राहिली. त्यांत एक अंध विद्यार्थी होता. त्याने दगडाकडे हात नेला मात्र, पहारेकरी ओरडला, "हात लावायचा नाही!" तशी पाटीही होती, चांगली दोन भाषांत. ज्याला ती वाचता येत नव्हती, त्यालाच ती आडवी आली. तो मुकाट्याने मागे सरला. मी मुख्याध्यापक, पण मलाही काही बोलता आले नाही.

वाचकहो, हा नियम काही अनादी नाही. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले. १७१० मध्ये तेथे गेलेल्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाची तक्रार अशी की, इथे जो तो वस्तू हाताळतो! पुढे गर्दी वाढली, काचेची कपाटे आली आणि पाहणे केवळ डोळ्यांपुरते उरले.

ही काच दूर सारणाऱ्या पहिल्या काही जणांत इंग्लंडमधील संडरलँडचे जे. ए. चार्ल्टन डीस होते. १९१३ मध्ये त्यांनी तेथील अंधशाळेच्या मुलांना संग्रहालयात बोलावून वस्तू हाताळायला दिल्या. मुले इतकी रमली की, हा उपक्रम नियमित झाला आणि पुढे प्रौढांसाठीही चालला.

इटलीतील अंकोना येथे याहून मोठे पाऊल पडले. आल्दो ग्रासिनी व दानिएला बोत्तेगोनी हे अंध दांपत्य प्रवासाचे शौकीन. पण संग्रहालयांत त्यांनाही हीच मनाई आडवी येई. त्यांच्या कल्पनेतून १९९३ मध्ये 'ओमेरो' संग्रहालय उभे राहिले. नाव होमरचे, परंपरा त्याला अंध मानते. मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्रतिकृती तेथे बोटांनी पाहता येतात. १९९९ मध्ये कायद्याने त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' हे स्पर्शदालन सुरू झाले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्कच मानला.

हजारो हातांच्या घामाने धातू, वस्त्र, कागद खराब होतात, हे खरेच. म्हणून तर प्रतिकृती करायच्या. प्लास्टरच्या साच्याला असा खर्च तो किती?

परतीच्या वाटेवर त्या मुलाने विचारले, "सर, त्या दगडावर काय होतं?" मी सांगितले : खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. तो ऐकत राहिला. पण ऐकणे म्हणजे पाहणे नव्हे. तो वीरगळ शतकानुशतके ऊनपावसात उभा होता. एका पोराच्या बोटांनी तो झिजला नसता.