कूपर ब्लॅक

कूपर ब्लॅक : मथळे, जाहिराती व पाट्यांसाठी वापरला जाणारा अतिठळक, गोलसर सेरिफांचा (अक्षरांच्या दांड्यांच्या टोकांना जोडलेल्या छोट्या रेषांचा) रोमन टंक. शिकागोचे अक्षरकार ऑस्वल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) यांनी तो रेखाटला आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने १९२२ मध्ये बाजारात आणला. कूपर हे फ्रेडरिक गाउडी यांचे विद्यार्थी. जाहिरातींची अक्षरे हाताने काढणे हा त्यांचा रोजचा धंदा होता, आणि हाताचे ते वळण या टंकात पुरेपूर उतरले आहे.

एवढा जाड टाईप डोळ्यांना टोचत कसा नाही, हे त्याच्या बारकाव्यांत दिसते. सेरिफांना कुठेही धारदार टोक नाही. ती फुगीर होऊन दांड्यात मिसळतात. जाड व बारीक रेषांतला फरक मुद्दाम कमी ठेवला आहे. अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या लहान आहेत. ‘ओ’ या अक्षराची पोकळी डावीकडे कललेली आहे, आणि या कलण्यामुळे सगळ्या वजनात हालचाल येते. लहान लिपीतील अक्षरे उंच असून खाली उतरणारे दांडे आखूड आहेत, त्यामुळे दोन ओळी जवळ बसवता येतात. अक्षरांचे बूडही गोलसर असल्याने हाताने चिकटवलेले एखादे अक्षर किंचित खालीवर झाले, तरी नजरेला खटकत नाही. दुकानाच्या काचेवर किंवा सदऱ्यावर अक्षरे उमटवणाऱ्यांना हा गुण फार उपयोगी पडला.

दूरचे पाहणाऱ्या मुद्रकांसाठी आणि लांबचे न दिसणाऱ्या त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी हा टाईप आहे, अशी त्याची ख्याती झाली. जुन्या वळणाच्या मुद्रकांनी त्याला नाके मुरडली. मागणी मात्र एवढी होती, की लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने त्याला तोड म्हणून १९२५ मध्ये खुद्द गाउडींकडून ‘गाउडी हेवीफेस’ करवून घेतला. गुरूचे काम नेटके आहे, पण शिष्याच्या अक्षरांतला मोकळेपणा त्यात नाही.

शिशाच्या खिळ्यांना आपापले चौकोनी अंग असते. त्यामुळे दोन अक्षरे ठरावीक मर्यादेपलीकडे जवळ आणता येत नाहीत. १९६० नंतर फिल्मवरची अक्षरजुळणी रुळली आणि ती अडचण सरली. गोल अक्षरे एकमेकांना बिलगून बसू लागली आणि या टंकाचे खरे रूप तेव्हा खुलले. बीच बॉईज या वाद्यवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन हे त्याचे उत्तम उदाहरण. पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॅड्स आर्मी’ मालिकेची शीर्षके आणि १९७० च्या दशकातले सदऱ्यांवरचे छाप यांतून तो घरोघर पोचला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट विमानकंपनीचे नावही याच टंकात आहे. मोठ्या कंपनीचा ताठा त्यामुळे नावात येत नाही.

खाद्यपदार्थांची वेष्टने, मुलांची पुस्तके, संगीताच्या जाहिराती हे त्याचे हक्काचे क्षेत्र. दोन-चार शब्द, मोठा आकार आणि भोवती भरपूर मोकळी जागा एवढे त्याला पुरते. सलग मजकुरासाठी तो वापरू नये : लहान आकारात पोकळ्या शाईने बुजतात आणि ओळ काळीठिक्कर दिसते.